किस्सा कोणाचा, केळी कोणाची

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय २९, राहणार जळगाव, एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी. गेल्या वर्षभरात डेटिंग अ‍ॅपवरून ओळख झालेल्या तिघांना मी प्रत्यक्ष भेटले आणि तिन्ही भेटी फसल्या. पहिला मुलगा महामार्गावरच्या एका हॉटेलात स्वतःच्या मामांना घेऊन आला, मामा शेजारच्या टेबलावर पाठमोरे बसून शेवभाजी खात होते आणि दर दहा मिनिटांनी मान वळवून "जमनं का भो?" असे विचारत होते. बिलही त्यांनीच दिले. दुसऱ्याला दोंडाईच्याची गाडी पकडायची होती, म्हणून आमची भेट जळगाव स्टेशनच्या फलाटावर चाळीस मिनिटांत उरकली. गाडीत बसल्यावर त्याने 'जागा मिळाली' आणि रात्री 'पोहोचलो' असे कळवले. पुढे काही झाले नाही. तिसरा यावल तालुक्यातला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मेहरूण तलावाकाठी भेटलो आणि दीड तास तो फक्त केळीवर बोलला: टिश्यू कल्चरची रोपे, ठिबक, करपा, घडाचे वजन, रावेरचा भाव. माझे नाव त्याने एकदाच घेतले, तेही चुकीचे.

हे किस्से मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत साभिनय सांगते. केळीवाल्याची नक्कल तर इतकी गाजली की दुसऱ्या विभागातले लोक डबा घेऊन ऐकायला येऊ लागले. मागच्या आठवड्यात कळले की समोर बसून हसणाऱ्यांपैकी एक सहकारी त्या मुलाची मावसबहीण आहे. त्याच रात्री त्याचा निरोप आला: 'माझी केळी तुमच्या ऑफिसात चांगल्या भावाने गेली असे कळले.' एवढेच. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याला काय लिहू? आणि हे अ‍ॅप काढून टाकून, आई म्हणते तसा बायोडाटा छापून घ्यावा का?

— एक वाचक, जळगाव

सस्नेह नमस्कार.

मामांच्या त्या वाक्यापाशी मी पत्र खाली ठेवले, चष्मा काढला आणि डोळे पुसले, हे आधीच कबूल करते. सल्ला मागणाऱ्याच्या पत्रावर सल्ला देणाऱ्याने हसू नये, असा या कामातला संकेत आहे; पण पाठमोऱ्या बसलेल्या मामांनी रश्श्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, अर्धवट वळून भाच्याला निकाल विचारावा, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर तो संकेत पाळणे मला जमले नाही. तेव्हा फसलेल्या भेटींवर हसणे हा काही गुन्हा नाही, हे पहिल्यांदा नोंदवून ठेवू. अनोळखी माणसाला भेटायला इस्त्रीचे कपडे घालून जायचे, दोन तास अवघडून बसायचे आणि परत आल्यावर कोणालाच काही सांगायचे नाही, हे हाडामांसाच्या माणसाकडून होण्यासारखे नाही.

अडचण मुलखाची आहे. मुंबई-पुण्यात फसलेली डेट गर्दीत विरून जाते. आपल्याकडे ती कोणाच्या तरी मावशीच्या घरून फिरून आपल्याच टेबलावर परत येते. अ‍ॅपवर तुम्ही ५० किलोमीटरचे अंतर ठरवले असेल, असे धरून चालते. जळगाव मध्यावर ठेवून तेवढे वर्तुळ काढले तर भुसावळ, यावल, चोपडा, धरणगाव, एरंडोल, पाचोरा, जामनेर एवढा भाग आत येतो, आणि एवढ्या भागात लग्नाची पत्रिका कोणाला द्यायची राहिली यावरून जेवढे रुसवेफुगवे होतात, तेवढे बांधावरूनही होत नसतील. अ‍ॅप अंतर मोजते ते सरळ रेषेत. त्याला तापीचे पात्र दिसत नाही, पूल किती फेऱ्याने गाठावा लागतो ते कळत नाही, आणि समोर डबा उघडून बसलेली बाई त्या मुलाची मावसबहीण आहे हे तर त्याला मुळीच ठाऊक नसते. ते आपण ठाऊक करून घ्यायचे असते, निदान नक्कल करायला उभे राहण्यापूर्वी तरी.

आता थोडे माझ्याविषयी, कारण मी स्वतः एका घराचा किस्सा होते आणि तब्बल बारा वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता. १९८७ सालचा मे महिना. धुळ्यात आमच्या घरी मला पाहायला पाहुणे आले होते. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली. पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी 'मुलीने काही तरी बोलावे' अशी इच्छा व्यक्त केली आणि शांतता फारच लांबली म्हणून स्वतःच म्हणाले की, परवा भुसावळला ५२ अंश होते, अंगणातल्या थर्मामीटरवर त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मी तोंड उघडले. उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचे तापमान सांगत नाही, तो स्वतः किती तापला तेवढेच सांगतो. हवेचे तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजायचे असते. पेटीचे दार उत्तरेकडे का ठेवतात, झडपा तिरप्या का असतात, असे मी वीस मिनिटे बोलले. आई पडद्याआडून बांगड्या वाजवत होती. मुलाने तो सगळा वेळ बशीतला एक शेंगदाणा या कडेपासून त्या कडेपर्यंत नेण्यात आणि परत आणण्यात घालवला. नकार आला, तो येणारच होता. पुढे १९९९ साली अमळनेरला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी माझे माहेरचे नाव ऐकले, बट्टी कुस्करता कुस्करता हात थांबवला आणि मला निरखून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे थर्मामीटरवाली ती तूच का?"

त्या घरात दर उन्हाळ्यात पारा चढला की माझा किस्सा निघत असे. बाईंनी तो मला तिथेच, पंगतीतच, हावभावांसह सांगितला. शब्दन्‌शब्द खरा होता. सव्वा मीटरसुद्धा बरोबर होते. फक्त दोन गोष्टी वाटेत गळाल्या होत्या. मला बोलायला त्यांनीच सांगितले होते, हे एक. आणि मी भयंकर घाबरलेली होते, हे दुसरे. घाबरलेला माणूस ज्या विषयात त्याचे पाय टेकतात त्याच विषयात जाऊन उभा राहतो. त्या वयात मला हवेचे तापमान येत होते आणि दुसरे काही धड येत नव्हते.

यावलच्या गृहस्थांना केळी येते. दीड तासात समोरच्या बाईला एकही प्रश्न न विचारणे आणि तिचे नाव चुकवणे हा दोषच आहे, आणि माझ्या घाबरण्याच्या सिद्धान्ताने तो धुऊन निघत नाही. तुम्हाला आलेला कंटाळा रास्त होता. पण तुम्ही पत्रात एक तपशील सहज टाकून पुढे गेला आहात, तो म्हणजे जूनचा पहिला आठवडा. मेअखेरीपासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंतचे दिवस रावेर-यावल-चोपड्याच्या केळी उत्पादकाला झोप लागू देत नाहीत. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांची एकावर एक घट्ट गुंडाळी. मुळे वरवरची, आणि माथ्यावर पंचवीस-पंचवीस किलोचा पोसलेला घड. अशा झाडांत वादळी वारा शिरला की अकरा-बारा महिने पाणी पाजून उभी केलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते, मग तलाठ्याची वाट पाहायची, पंचनामा करून घ्यायचा आणि आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग विम्याच्या निकषात बसला की नाही याची चौकशी करत हिंडायचे. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मानांकनाने वारा अडत नाही. हा माणूस त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून नदी ओलांडून तुम्हाला भेटायला आला होता. 'तुमची बाग उभी आहे ना?' एवढे एक वाक्य तुम्ही मध्ये टाकले असतेत तर कदाचित तो पुढचा तासभर आणखी बोलला असता, तेही नाकारता येत नाही. पण मग तो केळीवर बोलला असता की स्वतःवर, हे तुम्हाला कळले असते.

तुमच्या किश्श्यांबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या तिन्हींत तुम्ही कुठेच नाही. मामा आहेत, शेवभाजी आहे, फलाट आहे, केळीचा घड आहे; पण शेजारच्या टेबलावर मामा बसलेले असताना तुम्ही काय केलेत, उठून का गेला नाहीत, दीड तास केळीपुराण ऐकताना एकदाही 'आता दुसरे काही बोलू' असे का म्हणाला नाहीत, याचा पत्रात उल्लेख नाही. माझा अंदाज असा की, तलावाकाठी पहिल्या पंधरा मिनिटांतच तुम्ही त्या माणसाला भेटणे थांबवले आणि दुपारच्या सुट्टीसाठी त्याची नक्कल बसवायला घेतली. तो जितका जास्त बोलेल तितका किस्सा फुलणार होता, मग त्याला अडवायचे कशाला? अंदाज चुकला असेल तर मला खुशाल झाडा. बरोबर असेल तर पुढच्या वेळी स्वतःला त्या किश्श्यात ओढून बसवा: भेटीच्या आधी तीन वेळा बदललेली ओढणी, शेवभाजीच्या तर्रीने लागलेला ठसका, समोरच्याचे नाव अ‍ॅपवर पुन्हा पाहून घेण्यासाठी 'हात धुऊन येते' म्हणून केलेली फेरी. असे सांगायला बसलात की लोक हसायचे ते हसतीलच, आणि त्यांच्यात कोणाची मावसबहीण बसली आहे याची धास्ती उरणार नाही.

आता उत्तराचे. तुमच्या पत्रातले सगळ्यात चांगले विनोदी वाक्य तुमचे नाही, त्या गृहस्थांचे आहे. 'चांगल्या भावाने गेली' असे लिहिणारा माणूस दुखावला असेल, पण त्याने दार लावून घेतलेले नाही, फक्त ओढून घेतले आहे. त्याला लांबलचक खुलासा पाठवू नका. 'तुम्हाला वाईट वाटले असेल तर क्षमस्व' हे वाक्य माफीच्या नावाखाली समोरच्याच्या गळ्यात टाकलेले लोढणे असते, ते तर मुळीच नको. 'पण' हा शब्द नको, नावाच्या चुकीचा उल्लेख नको, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे नकोत. साधारण असे लिहा: 'मी ऑफिसात तुमची नक्कल केली. ती तुमच्या बहिणीसमोर झाली, पण ती नसती तरीही मी तसे करायला नको होते. मला माफ करा.' या मसुद्यात एक 'पण' आलाच. तो तुमच्या विरुद्ध जातो म्हणून राहू दे. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहू नका. मावसबहिणीशी मात्र समोरासमोर बोला, जेवणाच्या सुट्टीत नको, वेगळे गाठून. आणि तिच्या हाती त्याला निरोप देऊ नका, कारण खानदेशात निरोप पोहोचेपर्यंत त्याला हळद लागलेली असते. उद्या कोणी 'अगं, ते केळीवाले करून दाखव ना' असा आग्रह धरलाच तर 'तो प्रयोग बंद झाला' एवढे सांगून डब्याचे झाकण उघडावे.

दोंडाईच्याच्या प्रवाशाला तुम्ही पत्रात जेमतेम तीन वाक्ये दिली आहेत आणि मला ती तीन वाक्ये पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. फलाटाचे तिकीट दहा रुपयांचे, दोन तास चालणारे. त्यात चाळीस मिनिटांची भेट. बोलणे कंटाळवाणे झाल्याची तक्रार नाही, कोणी पाठमोरे बसलेले नाही, आणि गाडी वेळेवर आली हेच काय ते दुर्दैव. ही भेट फसली कुठे? तो गाडीत बसल्यावर कळवतो की जागा मिळाली, घरी गेल्यावर कळवतो की पोहोचलो. आपल्याकडे पोहोचल्याचे कोणाला कळवतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. 'पुढे काही झाले नाही' असे तुम्ही लिहिता, म्हणजे 'पोहोचलो' या शब्दाला उत्तर गेले नाही, असा मी अर्थ लावते. फलाटावरची डेट हा किस्सा तुमच्या दृष्टीने तिथेच पुरा झाला होता, आणखी काही घडले असते तर त्याची गंमत बिघडली असती, असे तर झाले नाही ना? त्याला उत्तर द्याच असे मी म्हणत नाही. इतक्या दिवसांनी त्याचे कुठे जमलेही असेल. पण फसलेल्या भेटींच्या यादीतून त्याचे नाव आजच काढा.

आणि त्या भेटीची एक गोष्ट नियम म्हणून उचला. पहिली भेट चहाची असावी, जेवणाची नसावी, आणि ती कधी संपणार हे आधीच ठरलेले असावे. जेवण मागवले की भाकरी येईपर्यंत उठता येत नाही. गाडी पकडायची असलेला माणूस मुद्द्याचे बोलतो.

अ‍ॅप काढून बायोडाटा छापावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आईला दुखवण्याचा हेतू नाही, पण कागद बदलल्याने माणूस बदलत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्या ८० जणांना बोलावून त्यांची उंची फीतपट्टीने आणि वजन काट्यावर मोजले, वय परवान्यावरून पडताळले, आणि ते त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिले. दहांपैकी आठ जणांनी तिन्हींपैकी एका तरी बाबतीत खोटे लिहिले होते. पुरुषांनी उंची वाढवलेली, बायकांनी वजन घटवलेले. मात्र बहुतेकांचे खोटे अगदी थोडे होते, प्रत्यक्ष भेटीत खपून जाईल एवढेच. आपला बायोडाटा यात कुठे मागे आहे? 'वर्ण निमगोरा' हा रंग मी अजून कोणत्याही कापडात पाहिलेला नाही. '१२ एकर बागायत' असे लिहिलेले असते. त्यात चार भाऊ आणि एक आत्या वाटेकरी आहेत हे साखरपुड्याच्या बैठकीत निघते. स्टुडिओतल्या फोटोत मागे काश्मीर असते. टिंडर २०१२ साली निघाले आणि अंगठ्याने माणूस डावी-उजवीकडे सरकवता येऊ लागला म्हणून लोक हळहळतात. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेची पाने माझ्या आत्या थुंकी लावून याहून वेगाने उलटत असत. बाईनेच पहिला संदेश लिहायचा असा नियम घेऊन आलेले बंबल २०१८ साली भारतात आले, तेव्हा मला माझा तो मे महिना आठवला. मी आधी बोलले असते तर निदान विषय तरी मी निवडला असता.

म्हणून दोन्ही ठेवा. अ‍ॅप असू दे, आईच्या समाधानासाठी बायोडाटाही छापा, फक्त दोन्हींत उंची एकच लिहा. अंतर वाढवून १०० किलोमीटर केलेत तर धुळे येईल, तिकडे बऱ्हाणपूरही येईल. नातेवाईक तिथेही निघतील, पण ऑफिसातल्या टेबलापर्यंत पोहोचायला त्यांना जरा वेळ लागेल.

मामांविषयी शेवटचे. त्यांची कल्पना मुळात वाईट नव्हती. ती चुकीच्या बाजूने आली, एवढेच. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटताना आपले एक माणूस शेजारच्या टेबलावर असावे, ही काळजी खरे तर तुम्ही घ्यायची. एखादी मैत्रीण न्या, तिला पाठमोरी बसवा आणि मान वळवायची मनाई करा. भेट गजबजलेल्या ठिकाणी, उजेडी ठेवा. आणि कोणी भेटीआधीच पैसे मागितले, किंवा व्हिडिओ कॉलवर नको ते करून धमकावू लागले, तर त्याचा किस्सा करत बसू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्या हॉटेलचे बिल मामांनी दिले याचा तुम्ही उल्लेख केलात, म्हणजे ते तुमच्या मनात अडकले आहे. अडकू देऊ नका. मामांनी ते स्वतःच्या शेवभाजीखातर दिले असणार, आणि भाच्याच्या निकालापेक्षा रश्श्याचा निकाल त्यांना अधिक समाधानकारक लागला असणार.

यावलहून उत्तर आलेच तर मला कळवा, आणि रावेरचा भाव काय चालला आहे तेही त्यांना माझ्यासाठी विचारा. आमच्या गल्लीत येणारा गाडीवाला डझनाला जो भाव सांगतो, त्यावर माझा विश्वास उरलेला नाही.